काळ्या जमिनीवर बुटका लाकडी डेक: काँक्रीटचे तळखडे घरीच ओतायचे आहेत

मांजराकाठ, लातूर | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला अंदाज येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गावाकडचं आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर गेल्या दिवाळीत उतरवलं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आसपासच्या बऱ्याच लोकांनी भीतीपोटी माळवदं काढून पत्रे घातले, आमचं तेवढं राहिलं होतं. आता भिंतींनीच पोट काढलं, तेव्हा नाइलाज झाला. त्यातून निघालेलं सागवान मी एका टेंपोत घालून लातूरला आणलं. ८ बाय ६ इंचाच्या, बारा-बारा फुटांच्या ६ तुळया आहेत, ५ बाय ३ चे पुरेसे सर (तुळयांवर आडवी पडणारी लाकडं) आहेत. रंधा मारला की आतून मधासारखा रंग निघतो. भंगारवाला भाव सांगून गेला, पण अण्णांना ते विकायचं नाही. त्यांच्या आजोबांनी घातलेलं लाकूड आहे.

अण्णा ७९ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत. घराचं जोतं २२ इंच उंच, मागच्या दाराला तीन पायऱ्या, त्यामुळे ते मागे लिंबाच्या झाडाखाली जातच नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात. म्हणून मागच्या दाराला लागूनच १० बाय १२ फुटांचा लाकडी डेक करायचा आहे, जोत्याच्या पातळीत, म्हणजे त्यांना पाय न उचलता बाहेर जाता येईल. दोन तुळया खाली आडव्या, त्यांच्यावर सर, आणि उरलेल्या चार तुळया कटाईच्या गिरणीत चिरून सव्वा इंची फळ्या. लाकडाचं काम माझा मावसभाऊ करणार, तो सुतार आहे. पायाचं काम मी करणार.

परदेशातले व्हिडिओ पाहिले. त्यात काँक्रीटचे तयार ठोकळे नुसते जमिनीवर मांडतात आणि त्यांच्या खाचेत तुळई बसवतात. आपल्याकडे तसे ठोकळे मिळत नाहीत, म्हणून रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांत ९ ठोकळे ओतायचे, फूटभर खड्ड्यात बसवायचे असा विचार आहे. जुन्या घरातही प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा होताच, हा त्याचाच काँक्रीटचा अवतार असं मी धरतोय.

जमीन काळी आहे. सध्या इतकी उललीय की भेगेत अख्खा हात जातो. फूटभर खोली पुरेल का? माल कोणत्या प्रमाणात करू? सळई लागते का?

कातळावरचा, रत्नागिरी | १२ एप्रिल

दादा, फूटभर भरपूर झालं. मी गेल्या वर्षी असाच ओटा केला, ८ बाय ८ चा. जांभा दगडाचे चिरे मांडले, वर लाकूड. चार महिने कोकणातला पाऊस खाऊन जागचा हललेला नाही. आमच्याकडे सहा इंच खणलं की कातळ लागतो, त्याच्या खाली जायची सोयच नाही. लाकूड मात्र जमिनीपासून उचललेलं ठेवा, वाळवीला वाट मिळाली तर सागवानही सोडणार नाही.

गोदाकाठ, नांदेड | १३ एप्रिल

मांजराकाठ दादा, बादल्या तूर्त बाजूला ठेवा. रत्नागिरीच्या दादांचं त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे. जांभ्यावर चिरा मांडला की तो दगडावर दगड झाला. तुमची जमीन तशी नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय, भेगेत हात जातो. ज्या मातीत उन्हाळ्यात हात जातो ती पावसाळ्यात तेवढीच फुगून वर येते.

मी डिप्लोमा सिव्हिल, १९ वर्षं साईटवर आहे, त्यातली बहुतेक नांदेड-परभणीच्या काळ्या जमिनीत. तरीही माझ्या स्वतःच्या शेतात मी हीच चूक केली, ती सांगते.

२०१४ साली हौदाजवळ एक हलकी शेड उभी केली. सहा लोखंडी पाईप, वर पत्रा. पत्र्याचं ते काय ओझं, असं म्हणून दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, कुदळीने ओबडधोबड, आणि त्यात काँक्रीट ओतलं. मे महिना होता. ऑगस्टमध्ये शेडच्या दाराची कडी लागेना. लेव्हल लावली तर हौदाकडचे दोन खांब पावणेदोन इंच वर आलेले. दिवाळीनंतर त्यातला एक खणून काढला. पहारीने एका अंगाची माती मोकळी केली आणि फुटिंगच्या, म्हणजे खड्ड्यात ओतलेल्या काँक्रीटच्या, बुडाखाली हात घातला, तर दोन बोटं सरळ आत गेली. खाली पोकळी होती आणि तिच्यात गार, लोण्यासारखा गाळ येऊन बसलेला. काँक्रीटच्या खडबडीत कडेला काळी माती डिंकासारखी घट्ट चिकटलेली. म्हणजे खालून कोणी ढकललं नव्हतं. कडेची माती फुगली, तिने फुटिंगला दोन्ही बाजूंनी धरलं आणि वर जाताना सोबत नेलं. खाली रिकामी झालेली जागा गाळाने भरली. आता उन्हाळ्यात माती खाली बसली तरी फुटिंग परत खाली जाणार कसं? दरवर्षी थोडं थोडं वरच येणार.

ते फुटिंग पाहिल्यापासून मी प्रत्येकाला हेच सांगते, हलकं बांधकाम काळ्या जमिनीत जास्त सांभाळावं लागतं. तुमच्या डेकवर पाचपंचवीस माणसं उभी राहिली तरी मधल्या एका तळखड्यावर टनभर वजन यायचं नाही. वजन पेलायला अडचणच नाही. दुमजली घराचं ओझं निदान मातीला दाबून धरतं. डेकमध्ये तो दाब नाही, त्यामुळे माती त्याला सहज उचलते. आणि उचलते तीही सारखी नाही. घराच्या बाजूला पागोळ्यांचं पाणी, दुसऱ्या बाजूला लिंबाची मुळं पाणी ओढून माती सुकवणार. एक कड वर, एक कड खाली. अण्णांना पाय न उचलता जाता यावं म्हणून करताय ना? मग दाराशी अर्धा इंच जरी उंचवटा झाला तरी तो त्यांच्या पायाला लागणार. हे मनात धरूनच काम करा.

पाया त्या थरापर्यंत न्यायला हवा जो ऋतूप्रमाणे हलत नाही. खोल काळ्या जमिनीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचते असं धरून आपल्याकडे पाईल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब, करतात. रूरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात याचसाठी अंडर-रीम्ड पाईल बसवलं. खोड बारीक, आणि बुडाशी खोडाच्या अडीचपट रुंद फुगा. कांद्याच्या पातीला खाली कांदा असावा तसं, वरून ओढलं तरी निघत नाही. तुम्हाला एवढं लागेलच असं नाही. काळी माती पाच-सहा फुटांत संपून मुरूम लागत असेल तर काम सोपं आहे.

म्हणून खर्च करण्याआधी दोन गोष्टी करा.

जवळपासची एखादी न बांधलेली विहीर किंवा कोणाच्या घराचा उघडा खड्डा जाऊन पाहा. कडेला थर स्वच्छ दिसतात. काळी कुठे संपते, मग चुनखडीचे पांढरे खडे असलेली पिवळट माती किती, आणि मुरूम कुठे लागतो, टेप लावून मोजा.

दुसरं, माती किती फुगते ते घरीच पाहा. वाळवून कुटलेली आणि बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम मोजून दोन सारख्या, सरळ उभ्या काचेच्या बाटल्यांत घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही थरांची उंची मोजा. पाण्यातली वजा रॉकेलमधली, भागिले रॉकेलमधली, गुणिले १००. पन्नास टक्क्यांच्या आत आलं तर काळजी कमी. शंभराच्या वर गेलं तर माती फार फुगणारी आहे. लॅबमध्ये मोजमापाची नळी असते, चाळणी ४२५ मायक्रॉनची असते, पण अंदाज घरच्या बाटलीतही येतो.

हे करून इथे लिहा, मग पुढचं सांगते.

मांजराकाठ, लातूर | १७ एप्रिल

ताई, तुमचं उत्तर अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आपल्या जुन्या घराचा पाया माझ्या छातीएवढा खोल होता, तळखडे त्याच्यावर होते." मी नुसता तळखडाच पाहिला होता, त्याच्या खाली काय आहे ते कधी पाहिलंच नाही.

रॉकेल मिळवायला दोन दिवस गेले, आता रेशनवर कुठे मिळतं. शेवटी एका जुन्या घड्याळवाल्याकडे बाटलीभर निघालं. माती मिक्सरला लावायला घरातून परवानगी मिळाली नाही, खलबत्त्यात कुटली आणि मैद्याच्या चाळणीने चाळली. औषधाच्या दोन गोल बाटल्या घेतल्या. संध्याकाळी सातला ठेवल्या. रात्री दहालाच फरक दिसायला लागला. रॉकेलमधली माती वाळूसारखी खाली बसलेली, वरचं रॉकेल स्वच्छ. पाण्यातली मात्र खिरीसारखी सैल होऊन वर चढत होती. दुसऱ्या दिवशी सातला मोजलं, रॉकेलमध्ये १४ मिलिमीटर, पाण्यात २९. म्हणजे १०७ टक्के. १० ग्रॅम माती डोळ्यांदेखत दुप्पट झाली हो.

विहीरही पाहिली, आमच्यापासून अंदाजे दोनशे फुटांवर. पावणेपाच फूट काळी, मग अर्धा-पाऊण फूट चुनखडीची, मग मुरूम. तरी खात्रीसाठी मागच्या अंगणात एक खड्डा घेतला. ५ फूट ३ इंचांवर पहारीचा आवाज बदलला. तोवर पहार मुकी जात होती, तिथे खण्ण झालं आणि हाताला झिणझिण्या आल्या. तांबूस पिवळा मुरूम आहे, मुठीत दाबला तर दाणे मोकळे होतात.

म्हणजे मुरमात थोडं आत जायचं धरून साडेसहा फुटांचे ९ खड्डे? माझ्याच्याने होतील का? आणि एवढ्या बारीक आणि खोल खड्ड्यात माणूस उतरणार कसा?

मिनेसोटातून | १७ एप्रिल

मी मूळचा सोलापूरचा, सध्या मिनीॲपोलिसजवळ असतो. तुमचं वाचून राहवलं नाही, कारण हाच प्रकार आमच्याकडे दर हिवाळ्यात होतो, फक्त फुगवणारी गोष्ट वेगळी. इथे जमिनीतलं पाणी गोठतं, बर्फाचे थर धरतात आणि जमीन वर उचलतात. राज्याच्या नियमाप्रमाणे आमच्या दक्षिण भागात फुटिंग ४२ इंच खोल न्यावं लागतं, उत्तरेकडे ६० इंच. गोठण्याच्या खाली गेलं पाहिजे एवढंच त्याचं कारण.

तुम्ही पाहिलेले जमिनीवर मांडायचे ठोकळे इथे खरंच वापरतात. पण कुठे, तर घराला न जोडलेल्या, बुटक्या, सुट्या डेकला. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या नमुना नियमांत २०० चौरस फुटांपर्यंतचा, ३० इंचांपेक्षा बुटका, घराला न जोडलेला आणि घराच्या मुख्य दारासमोर नसलेला डेक परवान्याशिवाय करता येतो. तो हिवाळ्यात थोडा वरखाली झाला तरी चालवून घेतात. व्हिडिओत हा भाग कोणी सांगत नाही. तुमच्या दाराशी पातळी जुळायलाच हवी, तेव्हा तो मार्ग तुमचा नाही.

माझ्या अनुभवातली एकच गोष्ट सांगतो. मी पुठ्ठ्याची गोल नळी वापरून खांब ओतले. त्यातल्या एकाचं तोंड वर पसरट झालं, माल नळीबाहेर सांडून भोवती आळंब्याच्या छत्रीसारखा थर झाला. मी तो तसाच ठेवला. दुसऱ्या हिवाळ्यात नेमका तोच खांब वर आला. त्या छत्रीखाली जमिनीला धरायला कडा मिळाली होती. छिन्नीने ती फोडताना माझा अख्खा शनिवार गेला. तुमच्या खड्ड्याचं तोंड पसरू देऊ नका.

गोदाकाठ, नांदेड | १८ एप्रिल

मिनेसोटाच्या दादांनी फार मोलाचं सांगितलं. छत्रीचं ते शब्दशः पाळा.

१०७ म्हणजे तुमची माती चांगलीच फुगणारी आहे, पण मुरूम सव्वापाच फुटांवर आहे हे मोठं भाग्य. आठ फुटांतही लागला नसता तर वेगळा विचार करावा लागला असता. मग काळी माती काढून तिथे मुरमाचा जाड, धुमसलेला थर द्यायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या जमिनीतल्या कालव्यांसाठी चिकट पण न फुगणाऱ्या मातीच्या थराची पद्धत बसवली, त्या धर्तीवर. तुम्हाला त्याची गरज नाही.

नऊ खड्डे नकोत, सहाच घ्या. तुमच्या तुळया ८ इंची सागवानी आहेत, त्यांना दर चार फुटांवर टेकू कशाला? बारा फुटांच्या दोन तुळया घराला समांतर टाका, त्यांच्यात ७ फूट अंतर. प्रत्येक तुळईखाली तीन खांब, पाच-पाच फुटांवर, टोकं फूट-फूट बाहेर. सर त्यांच्यावर आडवे, दोन्हीकडे दीड-दीड फूट पुढे काढलेले. म्हणजे घराच्या भिंतीला काही ठोकायचंच नाही. भिंत आणि डेक यांच्यात इंचभर फट ठेवा. घर त्याच्या पायावर, डेक त्याच्या पायावर. कोणी कोणाला ओढायला नको. चौकोन काटकोनात आहे का ते गुण्यावर सोडू नका, ३-४-५ ची दोरी धरा (एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, तर तिरपं नेमकं ५ यायला हवं) आणि दोन्ही कर्ण मोजा.

खड्डा १० इंच व्यासाचा. त्यात माणूस उतरवायचा नाही, उतरता येणारही नाही. फळबागेसाठी खड्डे पाडणारा ट्रॅक्टरचा ऑगर (मोठं गिरमिट) भाड्याने मिळतो, तो साधारण तीन फूट जाईल. पुढचं हाताने फिरवायच्या ऑगरने, त्याला लांब पाईप जोडून घ्या. मुरूम लागला की पहारीने सैल करायचा आणि ऑगरने उचलायचा. मुरमात सव्वा ते दीड फूट आत जाच, तेवढ्या भागानेच खांबाला खाली धरून ठेवायचं आहे. बुडाशी सुटी माती राहू देऊ नका. दोरीला आरसा बांधून ऊन आत पाडलं की तळ स्वच्छ दिसतो. खड्डे झाले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरा, आणि तोवर तोंडावर जड फळी ठेवा. मुलं-कुत्री अंगणात फिरतात.

वरच्या पाच फुटांत खांब आणि माती यांची गाठ पडू द्यायची नाही. शेततळ्याचा उरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद कोणाकडेही मिळेल. त्याची दुहेरी गुंडाळी करून खड्ड्यात सोडा, मुरूम सुरू होतो तिथपर्यंतच. मुरमात कागद नको, तिथे काँक्रीटने मुरूम धरायला हवा. माती फुगली की बाहेरचा कागद घेऊन सरकेल, आतला खांब जागेवर राहील. आणि भोवती वाळू भरू नका, लोक हमखास भरतात. काळ्या जमिनीत वाळूचा खड्डा म्हणजे पाण्याची बादली. सगळं पाणी तिथे साचून नेमकं बुडाशी जातं.

सळई लागतेच. माती वर ओढते तेव्हा खांब ताणात येतो आणि नुसतं काँक्रीट ताणात तुटतं. १० मिमीच्या चार सळया पूर्ण उंचीच्या, ६ मिमीच्या रिंगा सहा-सहा इंचांवर. सहा खांबांना १० मिमी सळई साधारण ३२ किलो लागेल. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, दोन इंच, सिमेंटचे कव्हर ब्लॉक बांधा, विटेचा तुकडा सारू नका. वीट पाणी धरते आणि सळई तिथूनच गंजते.

माल एक-दीड-तीन, म्हणजे सिमेंट एक, वाळू दीड, खडी तीन. एका गोणीत अंदाजे सव्वाचार घनफूट काँक्रीट निघतं, सहा गोण्यांत तुमचं काम होईल. २० मिमी खडी पाव ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, त्याच्या निम्मी. घमेल्यांनी मोजलं तरी चालेल, पण सिमेंटही त्याच घमेल्याने, सारखं काठोकाठ. आता पाणी. एका गोणीला ३० लिटरच्या वर थेंब नको, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर म्हणेल माल सरकत नाही, घाला अजून तांब्याभर. घालू नका. पातळ माल खड्ड्यात गपकन जातो खरा, पण खडी खाली बसते, पाणी वर येतं आणि वरचा अर्धा फूट भुसभुशीत राहतो. माल मुठीत घेऊन दाबल्यावर गोळा धरला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. फूट-फूट भरा आणि दर वेळी सळईने कोचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. संध्याकाळी ओता. लातूरच्या मे महिन्यात दुपारी ओतलेलं काँक्रीट वरून लगेच तडकतं.

खांब जमिनीवर किती ठेवायचे त्याचा हिशेब करा. जोतं २२ इंच, त्यातून फळी सव्वा, सर ५, तुळई ८ गेली की तुळईचं बूड जमिनीपासून पावणेआठ इंचांवर येतं. तीन-चार इंच तरी मोकळे हवेच, कारण खालची माती फुगणार आणि तिने तुळईला टेकायला नको. तुमच्याकडे भरपूर आहेत. जमिनीवरचा भाग ओतायला तुमच्या रंगाच्या बादल्या बूड कापून वापरा, त्या वाया जाणार नाहीत. पण बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते, ती उलटी ठेवा, आणि तिची कड जमिनीला टेकू देऊ नका, दोन इंच वर उचलून बांधा. नाहीतर तीच छत्री झाली. मधल्या दोन इंचांत प्लास्टिकच्या गुंडाळीभोवती पत्र्याची पट्टी तारेने आवळली की माल बाहेर येणार नाही.

लाकूड थेट काँक्रीटवर नको. फॅब्रिकेटरकडून ५ मिमी पट्टीचे यू आकाराचे खोगीर करून घ्या, खाली १२ मिमी सळई वेल्ड केलेली, आणि गॅल्व्हनाइझ करून. ओल्या मालात ते रोवायचं, यूचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर. तिथे हवा खेळते, आणि वाळवी आलीच तर तिची मातीची नळी उघड्यावर दिसते. रत्नागिरीच्या दादांनी वाळवीचं सांगितलं ते खरंच आहे.

दहा दिवस गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याला सात दिवस कमी पडतात. आणि छताची पन्हळ घराच्या बाजूला डेकखाली सुटत असेल तर आधी ती दुसरीकडे वळवा.

अण्णांसाठी कडेला एक हाताची दांडी लावा, दादा. उंची कमी असली तरी.

मांजराकाठ, लातूर | २४ मे

ताई, सहाही झाले. ट्रॅक्टरवाला एका तासात सगळे खड्डे तीन फुटांपर्यंत पाडून गेला, पुढच्या साडेतीन फुटांना मला आणि मावसभावाला चार दिवस लागले. तिसऱ्या खड्ड्यात मुरूम ५ फूट ९ इंचांवर लागला, म्हणून तो खाली नेला. आरशाची युक्ती फार कामाची. पहिल्याच खड्ड्यात तळाशी दोन घमेली सुटी माती दिसली, वरून काहीच कळत नव्हतं.

मजूर खरंच म्हणाला, "तांब्याभर घालू का?" मी पाण्याची बादलीच माझ्याकडे ठेवली होती.

खोगिरांची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून जुळवली. गोणपाटावर पाणी मारायचं काम अण्णांनी मागून घेतलं. मागच्या दारात खुर्चीवर बसून हातात नळी धरतात, सकाळ-संध्याकाळ. आज सोळावा दिवस, दहा झाले म्हटलं तरी ऐकत नाहीत.

मांजराकाठ, लातूर | ६ ऑक्टोबर

पावसाळा गेला. डेक जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाला, दांडीसकट. यंदा पाऊस भरपूर झाला, डेकखालची माती फुगून दीड इंच वर आलेली मी स्वतः मोजली. तुळईला टेकायला अजून सहा इंच बाकी आहेत.

मे महिन्यात प्रत्येक खोगिराची उंची घराच्या जोत्यावरच्या एका खिळ्यापासून मोजून ठेवली होती, ती काल पुन्हा नळीने मोजली. एक, दोन, तीन आणि सहा नंबर जसेच्या तसे. चार नंबर १ मिलिमीटर. पाच नंबर ३ मिलिमीटर वर दाखवतो. हा लिंबाच्या बाजूचा मधला आहे. काळजी करू का?

गोदाकाठ, नांदेड | ६ ऑक्टोबर

३ मिलिमीटर नळीतल्या एका बुडबुड्यानेही येतात. नळी उन्हात होती का? सकाळी लवकर, नळीतून हवा पूर्ण काढून, पाच नंबर तीनदा मोजा. तिन्ही वेळा ३ च आले तर त्याच्याभोवतीचा प्लास्टिक कागद वरून फाटलाय का ते बोटाने चाचपून बघा, आणि जमिनीशी माल सांडून कडा झालीय का तेही. नसेल तर एप्रिलमध्ये, जमीन उलल्यावर, पुन्हा मोजून इथेच लिहा.

अण्णा बसतात का संध्याकाळी बाहेर?

मांजराकाठ, लातूर | ७ ऑक्टोबर

सकाळी सहाला तीनदा मोजलं, १, १ आणि २ आलं. कागद शाबूत आहे.

सकाळी चहालाच जाऊन बसतात ताई, संध्याकाळची वाट कुठे बघतात. कालच एका फळीवर बोट ठेवून मला सांगत होते, ही तुळई सोप्यातली, हिला माझा पाळणा बांधलेला होता.